स्क्रोल कोरताना

प्रिय,

तू पाठवलेले व्हायोलिनच्या स्क्रोलचे, म्हणजे मानेच्या टोकावरच्या कोरलेल्या वळणाचे, तिन्ही फोटो नीट पाहिले. डावी बाजू सुरेख आहे, उजवीही वाईट नाही. पण समोरून पाहिलं की एक डोळा, म्हणजे वळणाचं मधलं टोक, वर आणि दुसरा खाली दिसतो. माझ्या पहिल्या तीन-चार स्क्रोलमध्ये हेच झालं होतं, त्यामुळे तुझा हात कुठे फसला ते मला दिसतंय. तू आधी एक बाजू पूर्ण केलीस, मग तिच्याकडे बघत दुसरी कोरलीस. तसं करू नकोस. पाव वळण इकडे, पाव वळण तिकडे, असं दोन्ही बाजूंनी बरोबरच आत जायचं.

मधली रेघ ठोकळ्यावर अगदी सुरुवातीला ओढ आणि पुसली गेली की लगेच पुन्हा ओढ. वळणाची नक्षी साच्यावरून सुईने टोचून घे. पेन्सिल घामाने पुसते, टोचे राहतात. स्ट्राडिव्हारी या जुन्या इटालियन व्हायोलिन-कारागिराच्या काही स्क्रोलवर हे टोचे आजही दिसतात, आणि त्याच्या कार्यशाळेतले साचे क्रेमोनाच्या संग्रहालयात जपलेले आहेत. तोही मोजूनमापूनच कोरत होता, हे कळल्यावर मला फार धीर आला होता.

आता मुख्य गोष्ट. करवतीचे काप रेघेच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबव आणि वळणाची भिंत आधी सरळ उभी कर. पन्हळीसारखा खोलगटपणा नंतर. भिंत उभी व्हायच्या आत गोल पटाशी चालवलीस, तर वळणाची कड आत सरकते, आणि गेलेलं लाकूड काही परत येत नाही. दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण ४२ मिलिमीटर असतं; तिथे शेवटपर्यंत थोडं लाकूड शिल्लक ठेव.

मेपलचे रेषे एका पूर्ण वळणात चार वेळा उलटे फिरतात. पटाशी अडखळली, टवका उडेलसं वाटलं, की जोर वाढवू नकोस, दिशा बदल. धार लावायला उठायचा कंटाळा करू नकोस. मी तर वळणाच्या आतल्या अवघड भागाला हात घालण्याआधी दर वेळी धार लावतो.

पॉलिश पेपर लांब ठेव. त्याने कडा मऊ पडतात आणि सावली मरते, आणि स्क्रोल जिवंत दिसतो तो सावलीमुळेच. पाण्याचा हात फिरव, रेषे उठू देत, वाळलं की स्क्रेपरच्या पातळ पात्याने हलकेच काढ. पटाशीच्या खुणा थोड्या राहिल्या तर राहू देत. ग्वार्नेरी देल जेझू या क्रेमोनाच्याच दुसऱ्या कारागिराच्या अखेरच्या वर्षांतले स्क्रोल बघ: ओबडधोबड, दोन बाजू जुळत नाहीत, तरी नजर हलत नाही. पण ती मोकळीक त्याची. तुझ्या दोन बाजू आधी जुळू देत.

कडांवरची तिरपी पट्टी शेवटी काढ, एकसारख्या रुंदीची. ऑक्सफर्डला असलेल्या, स्ट्राडिव्हारीच्या १७१६ च्या ‘मेसाया’ व्हायोलिनवर ती काळी रंगवलेली अजून दिसते. वळणाची रेघ त्यामुळे लांबूनही वाचता येते.

पर्फलिंगबद्दल, म्हणजे व्हायोलिनच्या कडेने बसवतात त्या बारीक पट्टीबद्दल, तू विचारलं आहेस, ते पुढच्या पत्रात. तोवर हा स्क्रोल टाकून देऊ नकोस. समोर टांगून ठेव, नवा ठोकळा घे, आणि पहिलं पाव वळण दोन्ही बाजूंनी झालं की समोरून फोटो काढून पाठव. त्यापुढे पटाशी लावू नकोस, मी बघेपर्यंत थांब.

तुझा,
काका