पहाटेच्या पांढऱ्या गोळ्याचा फोटो: आधी प्रिंट काढायचं थांबवा

होटगी रोडवर पहाटे पांढरा गोळा दिसला, फोटो काढला, अर्ज घेऊन गेलो तर ‘आकाशकंदील असेल’ म्हणून परत पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. वाचून जीव कळवळला. इथंच सोलापुरात माझ्या फोटोचंही हेच झालं होतं. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, वकीलही नाही. त्यामुळं माझं म्हणणं पडताळूनच घ्या.

फोटोची मूळ फाईल जपायची, ती व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही, हे तुम्हाला ठाऊक असणारच. त्यात वेळ घालवत नाही.

मला सगळ्यात महागात पडलं ते एक कार्यालय. नाव घेत नाही. फाईल बघायलाच तिथं कुणी तयार नव्हतं. ‘प्रिंट काढा, स्वसाक्षांकित करा, दोन प्रती जोडा.’ झेरॉक्सच्या दुकानात साध्या कागदावर काढलेली प्रिंट अर्जाला टाचली गेली. त्या कागदावर ना वेळ, ना शटरचा कालावधी, ना गोळ्याची कड. राखाडीत एक ठिपका उरला. पुढं उत्तर आलं, ‘छायाचित्र अस्पष्ट असल्याने कार्यवाही करता येत नाही.’ अहो, अस्पष्ट त्यांच्याच अटीनं झालं होतं!

संशयाबद्दल माझी तक्रार नाही, तो घ्यायलाच हवा. आकाशात दिसणाऱ्या अनोळखी वस्तू तपासणाऱ्या, अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकमध्ये १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी झाल्या, त्यातल्या ७०१ सोडून बाकीच्या ओळखीच्याच गोष्टी निघाल्या. लडाखमध्ये जवानांना दिसलेले गूढ दिवे म्हणजे गुरू आणि शुक्र आहेत, हे बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं सांगितलं. पण कसं? लष्कराकडून वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची घेऊन, ताडून. तेवढं केलं असतं तर मला कंदील हे उत्तरही मान्य होतं. न बघता माणसाला खोटं पाडणं मला आजही सहन होत नाही.

आता तुमचा फोटो. माझा अंदाज बलूनचा आहे, चूकही असू शकेल. हैदराबादला टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) बलून केंद्र आहे. तिथून पॉलिथिनचे ५० ते ८५ मीटर व्यासाचे फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंच सोडतात. उपकरणं खाली कुठं येऊ शकतात हे सांगताना त्यांच्या सूचनांमध्ये विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेचा उल्लेख असतो. उपकरणं रंगीत पॅराशूटनं उतरतात; शेतात सापडली तर उघडू नका, पोलिसांना कळवा. ३५ किलोमीटरवर ऊन आपल्यापेक्षा साधारण २५ मिनिटं आधी पोचतं. म्हणून खाली अंधार असताना वरचा फुगा लख्ख पांढरा, जागीच लटकल्यासारखा दिसतो. हवेत सोडलेल्या कंदिलाची ज्योत पिवळट असते, आणि तो बघता बघता वाऱ्यावर निघून जातो.

दुसरी शक्यता कॅमेऱ्याच्या भिंगात एखाद्या दिव्याचं परावर्तन होण्याची. फोटोच्या मध्यबिंदूतून गोळ्याच्या बरोबर समोर, तेवढ्याच अंतरावर रस्त्याचा दिवा असेल, तर मी त्या फोटोवर विश्वास ठेवणार नाही. पण डोळ्यांनीही गोळा दिसला असेल तर ही शक्यता बाद.

अर्ज पुन्हा करणार असाल तर मूळ फाईल पेन ड्राइव्हवर द्या आणि पोच घ्या. पोचेवर ‘मूळ फाईल मिळाली’ असं लिहूनच घ्या, त्यावर अडून बसा. माहिती अधिकारात ‘ते काय होतं?’ विचारू नका. मत द्यायला ते बांधील नाहीत. तुमच्या अर्जावर कुणी काय शेरा मारला, त्या टिपणीची प्रत मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, सोडून देऊ नका.

तोवर इथं तारीख, फाईलमधली वेळ, तोंड कुठल्या दिशेला होतं, आणि हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून किती मुठी वर होता (एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश), एवढं टाका. मी स्टेलॅरियममध्ये (आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर) त्या पहाटेचं आकाश लावून आधी शुक्र कुठं होता ते बघतो.