क्विनीन आम्लात विरघळतं, मग पिपरीन का नाही?

तुम्ही विचारलंय की क्विनीन सल्फेट पाण्यात कितीही ढवळलं तरी तळाशी बसून राहिलं आणि विरल सल्फ्युरिक आम्लाचे थोडे थेंब पडताच पाणी नितळ झालं. मिरीतल्या पिपरीनवर मात्र तोच प्रयोग फसला. दोन्ही अल्कलॉइडच (वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त संयुगं) असताना असं का?

प्रयोग फसलेला नाही. ‘अल्कलॉइड आम्लात विरघळतात’ हे वाक्य पाठ करून घेतलं जातं, पण त्यामागचं कारण सांगायचं राहून जातं. सगळी मेख नायट्रोजनमध्ये आहे. क्विनीनच्या रेणूत दोन नायट्रोजन आहेत. त्यातल्या एकाची इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी मोकळी असते आणि ती हायड्रोजन आयन चटकन पकडते (पीकेए साधारण ८.५, म्हणजे या सामूला, pH ला, निम्म्या रेणूंनी हायड्रोजन आयन पकडलेला असतो). मग रेणूवर धनप्रभार येतो आणि पाण्याचे रेणू त्याला वेढून घेतात. प्रभार नसलेलं क्विनीन एक ग्रॅम विरघळवायला जवळजवळ दोन लिटर थंड पाणी लागतं. सामू ८.५ च्या खाली गेला की एकेका अंकामागे विद्राव्यता साधारण दहापट वाढायला हवी.

‘हवी’ म्हटलं, कारण इथे दुसरी मर्यादा आड येते, ती क्षाराची. तुमच्या बाटलीतलं क्विनीन सल्फेट हा आधीच क्षार आहे, तरीही त्याच्या एका ग्रॅमला सुमारे ८०० मिली पाणी लागतं. त्यात क्विनीनच्या दोन रेणूंमागे सल्फ्युरिक आम्लाचा एकच रेणू असतो. तुम्ही आणखी आम्ल घातलंत तेव्हा एकास एक प्रमाणाचं बायसल्फेट तयार झालं आणि त्याला ग्रॅममागे दहाएक मिली पाणी पुरतं. पूर्वीचे कंपाउंडर हिवतापाचं क्विनीन मिक्श्चर असंच, विरल सल्फ्युरिक आम्ल घालून बनवत. त्याच बाटलीत सोडा किंवा दुसरं अल्कधर्मी औषध पडलं, तर क्विनीन पुन्हा साक्यात उतरायचं. वरचे डोस फिके आणि शेवटचा डोस भलताच जोरदार, हा धोका खरा होता.

म्हणून नुसता सामू बघू नका, आम्ल कोणतं तेही बघा. दारुहळदीतलं बर्बेरीन याचं उत्तम उदाहरण आहे. त्याच्या नायट्रोजनवर प्रभार कायमचाच असतो, त्यामुळे आम्ल घालून तो वाढत नाही. उलट काढ्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर क्लोराइड वाढतं आणि बर्बेरीन पिवळ्या स्फटिकांच्या रूपात खाली बसतं. आम्लानं विद्राव्यता कमी झाली! मला हे उदाहरण फार आवडतं, कारण ते पाठ केलेला नियम थेट उलटवतं.

आता पिपरीन. डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी ते १८१९ मध्ये मिरीतून वेगळं केलं. यातला नायट्रोजन कार्बोनिल गटाला (ऑक्सिजनशी दुहेरी बंधानं जोडलेल्या कार्बनला) चिकटलेला आहे, म्हणजे ते अमाइड आहे. त्याची एकाकी जोडी कार्बोनिलकडे ओढली गेलेली असते, विरल आम्लातल्या हायड्रोजनसाठी ती उपलब्धच नसते. प्रभार नाही म्हणून विद्राव्यताही नाही. त्याला अल्कोहोल लागतं. तेच पिपरीन अल्कोहोलातल्या कॉस्टिक पोटॅशबरोबर (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) बराच वेळ उकळलं की तुटून पिपरिडीन सुटतं, आणि ते मात्र चांगलं प्रबळ आम्लारी, म्हणजे हायड्रोजन आयन पकडणारं, आहे.

कॅफीनचंही थोडक्यात सांगतो. ते अतिशय दुबळं आम्लारी आहे. लिंबू पिळल्यानं चहातल्या कॅफीनच्या विरघळण्यावर फरक पडत नाही. तिथे तापमान महत्त्वाचं: २५ अंशांना लिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट.

प्रकल्पात पुढे क्विनीनची निळी चमक अतिनील दिव्याखाली दाखवणार असाल, तर सल्फ्युरिक आम्लच ठेवा. हायड्रोक्लोरिक आम्लातही क्विनीन विरघळेल, पण क्लोराइड आयन ती चमक विझवतात. आणि बनवलेलं द्रावण कुणीही चाखू नये.