पाळलेला पांढरा उंदीर सारखा अंग खाजवतो, मानेमागे खपल्या धरल्या आहेत, काय करावे?

मानेमागे आणि खांद्यांवर केस जाऊन खपल्या धरल्या असतील, तर पहिला संशय केसांत राहणाऱ्या माइट या सूक्ष्म किडीचा घ्यावा आणि पशुवैद्यकाकडून केसांचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा. त्यावर आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन हे माइट मारणारे औषध गुणकारी ठरते. परंतु उंदराचे वजन जेमतेम २० ते ४० ग्रॅम असल्याने कुत्र्यामांजरांचे औषध घरी आणून अंदाजाने थेंब टाकणे त्याच्या जिवावर बेतू शकते. पिंजऱ्यातील सर्वच उंदरांवर एकाच वेळी उपचार करावेत. अंथरलेला भुसा देवदार किंवा पाइनचा असल्यास तो आजच काढून कागदाच्या पट्ट्या घालाव्यात, कारण त्या भुशातील उग्र वासाच्या द्रव्यांनीही त्वचा चुरचुरते. घरगुती तेले मात्र लावूच नयेत. उंदीर अंग चाटतो, तेव्हा ती सगळी पोटात जातात.