पीक उंच आलं म्हणून

प्रिय पोरी,

तुझी मेल दोनदा वाचली. एकच बसरा हेवी क्रूड, म्हणजे इराकचं कच्चं तेल, आणि एकच मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंना चार्ज देऊन त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र. ईएसआय पॉझिटिव्हला (फवाऱ्यातून धन चार्ज द्यायची रीत) लावलं तर जिकडेतिकडे नायट्रोजन, एपीपीआयला (दिव्याच्या प्रकाशाने चार्ज द्यायची रीत) लावलं तर गंधक आणि नुसते हायड्रोकार्बन. वर तुझा प्रश्न, "सर, यातलं खरं कोणतं?" आणि गाइडना शुक्रवारपर्यंत टक्केवारीचा पाय चार्ट हवाय.

खरं दोन्ही आहे. खोटा आहे तो पाय चार्ट.

माझं गाव मंगळवेढ्याकडचं, मालदांडी ज्वारीचं. लॅबमध्ये पहिल्यांदा कुणी आलेखातल्या टोकाला 'पीक' (peak) म्हणालं तेव्हा मला हसू आलं होतं. पण शब्द चुकीचा नाही. ताट पुरुषभर उंच वाढलेलं आणि कणीस चोळावं तर दाणे पोचट, हे मी लहानपणी पाहिलंय. पीक उंच आलं म्हणजे खळ्यावर रास पडली असं नाही गं.

त्या क्रूडमध्ये गंधक वजनाने चार टक्क्यांच्या आसपास. नायट्रोजन अर्धा टक्कासुद्धा नाही. मग ईएसआयमध्ये नायट्रोजनचं राज्य का? पिरिडीनसारखा नायट्रोजन फवाऱ्यात समोर आलेला प्रोटॉन लगेच उचलतो. थायोफिनमधल्या गंधकाला ते जमत नाही, म्हणून तो न्यूट्रल राहतो आणि मोजला न जाता पंपात जातो. एपीपीआयमध्ये दिव्याचा फोटॉन आणि टोल्युइन मिळून त्यालाही चार्ज देतात, म्हणून तिथे तो दिसतो. पॅराफिन मात्र दोन्हीकडे गप्प. तुझा पाय चार्ट तेलाचा नाही, तेलातल्या बोलक्या मंडळींचा आहे. अमेरिकेत टॅलाहासीला अशाच यंत्राचं 21 टेस्लाचं चुंबक आहे, तेही चार्ज झालेलाच आयन मोजतं. उंची म्हणजे प्रमाण नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही, मी तोंडावर आपटून शिकलो. एका रिफायनरीसाठी क्रूड तपासत होतो. ईएसआय निगेटिव्हमध्ये (ऋण चार्ज द्यायच्या रीतीत) 255.2330 आणि 283.2643 या वस्तुमानांना दोन पीक, बाकी सगळं त्यांच्यापुढे गवत. मी ऐटीत लिहिलं की तेलात आम्ल भरपूर आहे, पाइपांचं गंजणं सांभाळा. तिथल्या एका इंजिनिअरने फोन करून शांतपणे विचारलं, "आमचा ॲसिड नंबर 0.1 येतोय, मग तुमचं आम्ल आलं कुठून?" ॲसिड नंबर म्हणजे तेलातलं आम्ल मोजायचं केओएचचं साधं टायट्रेशन! मी मनात म्हटलं, ब्युरेटवाल्यांना काय कळतं. चार दिवसांनी ब्लँक, म्हणजे तेलाशिवाय नुसतं सॉल्व्हंट, लावून पाहिलं, तर तेच दोन पीक. पामिटिक आणि स्टिअरिक, साबणातली आम्लं. बाटल्या साबणाने धुतलेल्या होत्या. रिपोर्ट तोवर गेला होता. परत मागवायचं धैर्य मला झालं नाही, आणि ते अजून डाचतं.

तेव्हापासून ब्लँकशिवाय फाइल उघडायची नाही हा माझा हट्ट. विद्यार्थी मला मागून 'ब्लँकबुवा' म्हणायचे. म्हणू देत. माझे पेपर त्यामुळे कमी झाले हेही खरं, आणि मी कारणं देतोय असं तुला वाटेल. पण मागे घ्यावा लागेल असा एकही पेपर त्यानंतर माझ्या नावावर नाही.

आता तुझ्या गंधकाविषयी. C3 (तीन कार्बन) आणि SH4 (एक गंधक, चार हायड्रोजन) यांच्या वस्तुमानात फरक फक्त 0.0034, म्हणून एकाच्या जागी दुसरं धरलं जातं. 500 वस्तुमानाच्या आसपास तो सुटायला रिझोल्यूशन (जवळचे पीक वेगळे दाखवायची ताकद) दीड लाख तरी हवं. म्हणून सॉफ्टवेअरने सूत्र दिलं की लगेच मान डोलवू नकोस. 1.9958 पुढे 34S चा, म्हणजे गंधकाच्या जड आयसोटोपचा, पीक शोध, एका गंधकाला तो मूळ पीकच्या साधारण साडेचार टक्के उंच असतो. (इथे उंची चालते, कारण रेणू एकच आहे, आयसोटोप तेवढा वेगळा. माझंच वाक्य माझ्यावर उलटवू नकोस.)

गाइडना टक्केवारी हवीच असेल तर एकूण गंधक एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्य मोजणारं यंत्र) मोज, नायट्रोजन एलिमेंटल ॲनालायझरवर. ते आकडे वर, स्पेक्ट्रम खाली. स्पेक्ट्रममधून सांगायचं ते कोणत्या जातीचा रेणू, किती रिंगा, किती कार्बन. ते रागावतील. मीही माझ्या विद्यार्थ्यांवर असाच रागावलोय, दोन दिवसांत उतरतो.

तू पाठवलेल्या निगेटिव्हच्या चित्रातही 255 आणि 283 ला दोन काटे दिसतायत. ब्लँकची फाइल पाठव. आणि बाटल्या कशाने धुतल्यास ते खरं खरं लिही.

तुझा,
सर