स्टेंट काढायची तारीख लिहून घ्या

प्रश्न : मी ११ वर्षं परदेशात राहते. उजव्या मूत्रपिंडात १४ मिलिमीटरचा खडा निघालाय. इथे ऑपरेशनची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली. मायदेशी पंधरा दिवसांत होईल, शिवाय आई-बहीण जवळ असतील. नवरा म्हणतो, इथे विमा असताना तिकडे कशाला? पण इथे मला नीट सांगताच येत नाही. कमरेतून चमक निघते आणि कळ जांघेपर्यंत उतरते, हे कसं सांगू? ते विचारतात, दहापैकी किती दुखतं. मी जाणं चूक आहे का?

उत्तर : ताई, मुळीच चूक नाही. तुमचं ते चमक आणि कळेचं वाक्य वाचलं आणि माझ्यासारख्या मूत्ररोगतज्ज्ञाचं अर्धं निदान तिथेच झालं. ठणका वेगळा, कळ वेगळी. आपल्या भाषेत दुखणं सांगता येणं ही चैन नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. तरी तुम्ही राहता तिथल्या रुग्णालयात दुभाषा मागून बघा. बऱ्याच ठिकाणी तो मोफत मिळतो. मुलांना मात्र त्या कामाला लावू नका.

एक गोष्ट आधीच सांगते. कळ येत असताना थंडी वाजून ताप भरला, तर विमानाचा विचारही करायचा नाही. अडकलेल्या लघवीत जंतू वाढले, तर काही तासांत जीव धोक्यात येतो. तेव्हा जवळचं रुग्णालय गाठायचं.

आता माझी खरी काळजी. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. मायदेशी खड्याचं ऑपरेशन करून त्या आठवड्याभरात परतल्या होत्या. पुढे १४ महिने लघवीला जळजळ, अधूनमधून रक्त. एक्स-रे काढला, तर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत डीजे स्टेंट, म्हणजे लघवीची वाट मोकळी ठेवायला आत घातलेली नळी, तसाच, दोन्ही टोकांना खड्यांचे गोळे धरलेले. ही नळी सहसा काही आठवड्यांत काढतात, फार तर तीनेक महिने ठेवतात. त्यांच्या डिस्चार्ज कागदावर कोपऱ्यात 'डीजेएस' एवढीच अक्षरं होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि परतल्यावर तो कागद कुणी वाचला नव्हता. नळी काढायला तीन ऑपरेशनं लागली. म्हणून तुम्ही भूल उतरल्यावर पहिलं हेच विचारा : आत काही ठेवलंय का, ते कधी काढायचं, कोण काढणार? तारखेसकट टाइप करून घ्या. जाण्याआधीच तुम्ही राहता तिथल्या डॉक्टरांना विचारा की परत आल्यावर ते ही नळी काढतील का, आणि बाहेर केलेल्या ऑपरेशननंतर काही बिघडलं तर विमा खर्च देतो का, हेही.

सीटी स्कॅनचा नुसता अहवाल पुरत नाही, मूळ चित्रं डायकॉम स्वरूपात, म्हणजे संगणकावर उघडणाऱ्या मूळ फाइल, न्या. रक्ताच्या अहवालातल्या आकड्यापुढचं एककही बघा. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन एका देशात १.१ लिहितात, दुसऱ्या देशात तेच ९७. माझ्या एका रुग्णाच्या वहीत साखर ७.२ होती, मिलिग्रॅममध्ये ती १३०च्या आसपास भरते. औषधांचंही तसंच : पॅरासिटामॉल आणि ॲसिटामिनोफेन एकच आहे, दोन्ही मिळून घेतलं की डोस दुप्पट होतो.

परतीचं तिकीट बदलता येणारं काढा. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सहसा दहा दिवस तरी विमान टाळायला सांगतात. तुमच्या बाबतीत किती, ते सर्जन ठरवतील. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, शस्त्रक्रियेनंतर तो आणखी वाढतो.

परतल्यावर कुठल्याही रुग्णालयात पाऊल टाकलंत, की बाहेरदेशी दाखल होते हे आपणहून सांगा. २००८ साली स्वीडनमध्ये राहणाऱ्या, मूळ भारतीय माणसाच्या लघवीत औषधांना दाद न देणारा जंतू सापडला. तो आधी भारतातल्या रुग्णालयात दाखल होता. नेदरलँड्समध्ये बाहेरदेशी दाखल होऊन आलेला रुग्ण आला की आधी वेगळ्या खोलीत ठेवून स्वॅब घेतात. मनाला लावून घेऊ नका, त्यात तुमचा अपमान नाही.

आणि काढलेला खडा फेकू देऊ नका. तो कशाचा बनलाय ते प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवाल सोबत आणा. पुढचा खडा टाळायला तिथल्या डॉक्टरांना तोच लागेल.