पाऊल टेकण्याआधी : पायाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांविषयी वाचकांचे प्रश्न

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला येणारा हाडाचा उंचवटा, म्हणजे ‘बनियन’, आणि आकड्यासारखी वाकलेली शेजारची बोटे यांविषयी गेल्या अंकात या सदरात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न शस्त्रक्रियेच्या पुढच्या आठवड्यांविषयी आहेत आणि ते अगदी योग्य आहे. हाड कापून सरळ रेषेत आणणे आणि स्क्रूने बसवणे हे काम साधारण तास-दीड तासात होते. ते हाड त्याच जागी जुळून यायला मात्र सहा ते आठ आठवडे लागतात, आणि त्या काळात पाऊल सांभाळण्याची जबाबदारी रुग्णावर आणि त्याच्या घरच्यांवर येते. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. उजव्या अंगठ्याचे हाड सरळ केले आणि दुसऱ्या बोटात तार घातली, त्याला आज सतरा दिवस झाले. टाके निघाले आहेत. ‘विशेष बूट घालून चालायला हरकत नाही,’ असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे सहाव्या दिवसापासून मी स्वयंपाक करू लागले. संध्याकाळपर्यंत पाऊल फुगते, खाली सोडले की जांभळे पडते आणि ठणकते. शस्त्रक्रियेत काही चुकले असेल का? बोटातून बाहेर आलेल्या तारेचीही फार भीती वाटते. (सातारा)

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे या टप्प्यावर पुष्कळ रुग्णांमध्ये दिसतात, आणि केवळ त्यांवरून शस्त्रक्रिया चुकली असे म्हणता येणार नाही. पाऊल हा शरीराचा सर्वांत खालचा भाग आहे. तेथून रक्त वर नेण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू चालताना करतात. शस्त्रक्रियेनंतर आपण टाचेवर भार देऊन सावकाश चालतो, त्यामुळे पोटरीचे आकुंचन पुरेसे होत नाही, आणि जखमेभोवती आधीच सूज असते. अशा वेळी पाय खाली सोडला की रक्त तेथेच साचते, त्वचा जांभळी दिसते आणि ताणामुळे ठणका लागतो. पाय उंच ठेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत रंग पूर्ववत होत असेल, तर काळजीचे कारण सहसा नसते.

मात्र ‘चालायला हरकत नाही’ या वाक्याचा अर्थ आपल्या घरात चुकीचा लावला गेला आहे, आणि हे मला अनेक घरांत दिसते. डॉक्टरांच्या म्हणण्याचा अर्थ स्वच्छतागृहापर्यंत जाता येईल, जेवणाच्या जागेपर्यंत येता येईल, एवढाच असतो. ओट्याजवळ दीड तास उभे राहणे त्यात येत नाही. किंबहुना एका जागी उभे राहणे पावलाला चालण्यापेक्षाही अधिक त्रासदायक असते. पहिल्या दोन आठवड्यांत जागेपणीच्या प्रत्येक तासातील पन्नास मिनिटे तरी पाय उंच असावा, असे आम्ही सांगतो. आपले ते आठवडे उलटले असले तरी पुढचे दोन आठवडे दिवसातून चार-पाच वेळा अर्धा-पाऊण तास तरी आडवे पडून पाय वर ठेवावा. उंच म्हणजे हृदयाच्या पातळीपेक्षा उंच. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवल्याने तो उंच होत नाही. पाठीवर निजून पोटरीखाली दोन उशा किंवा एक लोड घ्यावा, टाच मोकळी राहील आणि गुडघा किंचित वाकलेला असेल असे पाहावे. उंच स्टुलावर बसून भाजी चिरण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतात, पण त्यातही पाय लोंबकळतच राहतो.

हे उत्तर आपल्या घरातील सर्वांनी वाचावे, अशी माझी विनंती आहे. बाईच्या पावलाची शस्त्रक्रिया झाली म्हणजे घराने सहा आठवडे स्वयंपाकाची दुसरी व्यवस्था करावी लागते, आणि ती शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच करावी लागते. डबा लावा, आळीपाळीने पोळ्या करा, परंतु ‘आता टाके निघाले ना’ असे म्हणून तिला ओट्याशी उभी करू नका. टाके त्वचेचे निघाले आहेत. आतले हाड अद्याप कच्चे आहे.

तारेविषयी आता सांगते. ती बोटाच्या हाडांतून गेलेली असते आणि बोट सरळ स्थितीत जुळावे म्हणून तिचे टोक बाहेर ठेवलेले असते. चार ते सहा आठवड्यांनी ती बाह्यरुग्ण विभागातच काढतात. काढताना ओढल्यासारखे वाटते, पण ते काही क्षणांचे काम असते आणि बहुतेकांना भूलही द्यावी लागत नाही. तोपर्यंत टोकावरचे टोपण जागेवर असल्याची खात्री करावी. पांघरूण, साडीचा काठ, परकराचा घेर यांत तार अडकते, म्हणून रात्री पायाच्या बाजूला पांघरुणाखाली खोका किंवा उशी ठेवून पोकळी करावी. तार स्वतः फिरवू नये किंवा आत ढकलू नये, आणि तिला पाणी लागू देऊ नये. आंघोळीच्या वेळी स्टुलावर बसून, पिशवी बांधलेला पाय दुसऱ्या स्टुलावर मोरीच्या पाण्यापासून दूर ठेवावा.

तार सैल होऊन सरकली, तिच्या मुळाशी पू आला, लाली पसरत वर चढू लागली, ताप आला किंवा पाय उंच करूनही वेदना वाढतच राहिली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागणे हे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.

प्रश्न : माझ्या आईचे वय ५८ असून तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या दोन बोटांवर चप्पल घासून वारंवार जखमा होतात, म्हणून शस्त्रक्रिया सुचवली आहे. आई तंबाखू खात नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. बरे व्हायला तिला जास्त वेळ लागेल का? (लातूर)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘फक्त’ हा शब्द वाचून मी थांबले. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच आहे, आणि तिच्यातील निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जाते. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि बोटांचा रक्तपुरवठा अशाच बारीक वाहिन्यांवर चालतो. जखम उशिरा भरणे, टाक्यांची जागा उकलणे, हाड न जुळणे या तिन्ही गोष्टींचा धोका त्यामुळे वाढतो. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणाऱ्या स्त्रिया प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. म्हणून आपण स्वतः डॉक्टरांना हे सांगा. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि हाड जुळल्याचे एक्स-रेमध्ये दिसेपर्यंत मिश्री पूर्ण बंद असली पाहिजे. इतक्या वर्षांची सवय रागावून सुटत नाही, तेव्हा घरच्यांनी त्या काळात तिला सांभाळून घ्यावे.

मधुमेहासाठी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घ्यावी. ती ८ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय तातडीची नसलेली शस्त्रक्रिया करू नये, असे बरेच शल्यचिकित्सक मानतात. पावलांची संवेदना आणि रक्तप्रवाह यांची तपासणीही आधी व्हावी. संवेदना कमी असेल तर शस्त्रक्रियेनंतर आईला फारसे दुखणार नाही, आणि ते चांगले लक्षण समजू नये. दुखत नाही म्हणून ती चालत राहील आणि बूट घासलेला तिला कळणार नाही. म्हणून ड्रेसिंगबाहेरचा भाग, दुसरे पाऊल आणि दोन्ही टाचा रोज उजेडात दुसऱ्या कोणीतरी पाहाव्यात. गरम पाण्याचा किंवा विटेचा शेक कदापि देऊ नये. बधिर पायाला भाजलेले समजत नाही.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. डाव्या अंगठ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. कामाला आणि स्कूटर चालवायला मी केव्हा सुरुवात करू शकेन? (ठाणे)

उत्तर : बैठे काम घरून करता येत असेल तर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे सुरू करता येते. लोकलच्या गर्दीतून कार्यालयात जायचे असेल, तर सहा ते आठ आठवड्यांची रजा धरून चालावे, कारण डब्यात कोणाचा पाय कोणाच्या पायावर पडेल हे आपल्या हातात नसते. गिअर नसलेल्या स्कूटरला डाव्या पायाचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात असेल. सिग्नलला गाडी थांबली की चवडाच जमिनीला टेकतो, गाडी कलली की सगळा भार त्यावर येतो, आणि बाजूचे स्टँडही डाव्याच पायाने काढावे लागते. मोटारसायकलचा गिअर तर डाव्या पायाच्या बोटांनीच बदलतात. म्हणून नेहमीचे बूट घालून, न लंगडता, चवड्यावर पूर्ण भार घेऊन आपल्याला चालता येईपर्यंत दुचाकीला हात लावू नये.

प्रश्न : शस्त्रक्रियेला पाच महिने झाले. हाड जुळले आहे, परंतु अंगठ्याची आतली बाजू बधिर आहे, तो वर वळत नाही आणि तार काढलेले दुसरे बोट जमिनीला टेकत नाही. मी शिक्षिका आहे. संध्याकाळी बुटात पाय मावत नाही. (नाशिक)

उत्तर : यांतील प्रत्येक तक्रारीचे कारण वेगळे आहे. बधिरपणा त्वचेच्या एका बारीक मज्जातंतूमुळे येतो. तो अंगठ्याच्या आतल्या कडेवरून, छेदाच्या अगदी जवळून जातो आणि शस्त्रक्रियेत ताणला जातो. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत पुष्कळशी परत येते. काहींच्या बाबतीत रुपयाच्या नाण्याएवढा भाग कायम बधिर राहतो, पण त्याने चालण्यात अडथळा येत नाही. सूज सहा महिने, क्वचित वर्षभरही टिकते. दिवसभर वर्गात उभे राहणाऱ्या व्यक्तीला ती अधिक जाणवणारच, म्हणून तासिकांच्या मधल्या वेळेत बसावे. नवे बूट संध्याकाळी, सुजलेल्या पायाच्या मापाने घ्यावेत.

अंगठ्याच्या ताठरपणाकडे मात्र आपण आताच लक्ष द्यावे. चालताना टाच उचलली जाते तेव्हा अंगठा मुळाशी वर वळावा लागतो. तो वळला नाही की आपण नकळत पावलाच्या बाहेरच्या कडेवरून चालू लागतो आणि काही महिन्यांत गुडघा किंवा कंबर दुखू लागते. खुर्चीत बसून पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्यावे. एका हाताने अंगठ्यामागचे पावलातील लांब हाड घट्ट धरावे आणि दुसऱ्या हाताने अंगठा मुळाजवळ, सांध्याला लागून धरून सावकाश वर-खाली करावा. पुष्कळ जण अंगठ्याचे टोक धरून ओढतात. त्याने मधला सांधा वाकतो आणि ज्याला गरज आहे तो मुळाचा सांधा तसाच राहतो. दहा वेळा वर, दहा वेळा खाली, असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. ओढ जाणवावी, तीव्र कळ येऊ नये. ज्यांचा हा सांधा कायमचा जोडून टाकला आहे, त्यांनी हा व्यायाम करू नये. यानंतर ओट्याचा आधार घेऊन दोन्ही टाचा उचलाव्यात आणि भार अंगठ्यावर येतो आहे ना, हे पाहावे.

दुसऱ्या बोटासाठी जमिनीवर पसरलेला पंचा बोटांनी गोळा करणे, चिंचोके उचलून वाटीत टाकणे हे साधे व्यायाम उपयोगी आहेत. तरीही काहींचे बोट किंचित अधांतरी राहते. ते दुखत नसेल आणि बुटाला घासत नसेल, तर केवळ त्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करून घेऊ नये, असे माझे मत आहे. चवड्याखाली मधोमध दुखू लागले किंवा घट्टा वाढू लागला, तर भार चुकीच्या हाडावर सरकला असण्याची शक्यता असते. तसे झाल्यास शल्यचिकित्सकांकडे पुन्हा जावे.

प्रश्न : माझे वय ६३ आहे. फेब्रुवारीअखेर अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली. एकोणीस वर्षांत माझी आळंदी ते पंढरपूर पायी वारी चुकलेली नाही. यंदा जाता येईल का? (इंदापूर)

उत्तर : आपल्याला ‘नाही’ म्हणणे मला जड जाते, तरीही यंदा पूर्ण पायी वारी करू नये, असेच सांगते. वारी निघेल तेव्हा आपल्या शस्त्रक्रियेला जेमतेम चार महिने होतील. हाड तोपर्यंत जुळलेले असेल, पण सुमारे २५० किलोमीटरचे, लागोपाठच्या दिवसांचे चालणे सूज उतरू देणार नाही. पुणे ते सासवड हा दिवे घाट चढून जाणारा टप्पाच पावलाची कसोटी पाहतो. शिवाय पावसाळ्यात ओल्या मोज्यांनी आणि चिखलाने कोवळ्या व्रणाची त्वचा फुटते. आतापासून रोजचे चालणे अर्ध्या तासापासून हळूहळू दोन तासांपर्यंत नेता आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज शिल्लक नसली, तर शेवटच्या वाटचालीतील एखादा लहान टप्पा, रुंद पंजाचे सवयीचे बूट घालून, आपल्या दिंडीबरोबर चालण्यास माझी हरकत नाही. बाकीचा प्रवास दिंडीच्या वाहनातून करावा. अनवाणी मात्र एक मैलही चालू नये.

प्रश्न : वाकलेल्या दुसऱ्या बोटाच्या शस्त्रक्रियेसाठी जोडवी काढायला सांगितली आहेत. सासूबाईंना ते अशुभ वाटते. ती पुन्हा केव्हा घालता येतील? (फोंडा, गोवा)

उत्तर : जोडवी काढावीच लागतील. शस्त्रक्रियेनंतर बोट सुजते, जोडवे त्यात रुतते आणि बोटाचा रक्तप्रवाहच थांबू शकतो. सासूबाईंना हे समजावून सांगा. आपल्या सुनेचे बोट धोक्यात यावे, असे कोणत्याही सासूला वाटणार नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या पायातील जोडवे शस्त्रक्रियेच्या दिवसापुरते काढून नंतर पुन्हा घालता येते. ज्या बोटाची शस्त्रक्रिया झाली आहे त्यात मात्र तार निघून सूज पूर्ण उतरेपर्यंत, म्हणजे चार-सहा महिने तरी, काही घालू नये. पुढेही मापाने घट्ट बसणाऱ्या वेढ्याऐवजी तोंड उघडे असलेले, सैल करता येणारे जोडवे घ्यावे. बोट जोडल्यामुळे त्याचा सांधा थोडा जाड झालेला असू शकतो आणि जुने जोडवे त्यावरून जाणार नाही. ते सोनाराकडून वाढवून घ्यावे, साबण लावून बळेच सरकवू नये.