वातोच्या ‘ग्रीष्म’ चित्रात देवीजवळ सिंह आणि झिंगा का आहेत?

आंत्वान वातो या फ्रेंच चित्रकाराच्या ‘सेरेस (ग्रीष्म)’ या चित्रात इतक्या नाजूक देवीजवळ सिंह आणि झिंगा कशाला, आणि ती दोन पोरं कोण, असं तुम्ही विचारलंय. पंचांग बघणाऱ्या माणसाला हे चित्र लगेच कळतं. पोरं म्हणजे मिथुन, झिंगा म्हणजे कर्क आणि सिंह तर सिंहच. फ्रान्समध्ये उन्हाळा असताना सूर्य ज्या राशींत असतो, त्या या तीन. कर्केसाठी आपण खेकडा काढतो. युरोपातल्या जुन्या चित्रांत मात्र बऱ्याचदा गोड्या पाण्यातला नांग्यावाला झिंगा दिसतो. त्यांचं गणित सायन, म्हणजे वसंतसंपातापासून राशी मोजणारं आहे, त्यामुळे सूर्य कर्केत जातो तो २१ जूनच्या सुमारास. आपली निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली, कर्क संक्रांत येते जुलैच्या मध्यावर. तारखा जुळवायला गेलात तर गोंधळ होईल, म्हणून हे आधीच सांगतो.

सेरेस ही रोमन लोकांची धान्याची देवी. आपल्याकडचा गहू वैशाखाच्या आधीच खळ्यावरून घरी येतो, म्हणून उन्हाळा म्हटला की आपल्याला तापलेली, मोकळी रानं आठवतात. तिकडे गहू पिकतो तोच जुलै-ऑगस्टमध्ये. त्यामुळे तिथला उन्हाळा सुगीचा, आणि म्हणूनच देवीजवळ विळा आणि गव्हाच्या ओंब्या आहेत.

हे चित्र कुठे लागायचं होतं तेही लक्षात घ्या. पिएर क्रोझा या पॅरिसमधल्या अतिश्रीमंत संग्राहकाने १७१७-१८च्या सुमारास आपल्या जेवणघरासाठी वातोकडून चार ऋतू करून घेतले. जेवायच्या खोलीत धान्याची देवी, याहून योग्य जागा कोणती! चित्र लंबगोल आहे, सुमारे १४२ सेंटीमीटर उंच आणि ११६ रुंद. म्हणजे देवी जवळजवळ माणसाएवढी दिसते. वातो एरवी लहान कॅनव्हासवर बागेतल्या छोट्या छोट्या आकृती रंगवायचा. इथे तो एकदम मोठ्या मापात उतरलाय आणि कुठेही अवघडलेला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. क्रोझाकडे व्हेनिसच्या चित्रकारांची रेखाटनं ढिगाने होती आणि वातो ती बसून अभ्यासायचा. सेरेसच्या उजळ कातडीत आणि वस्त्राच्या चमकेत सोळाव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार व्हेरोनेझे स्पष्ट दिसतो.

चारांपैकी आज एवढं एकच उरलंय, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये. ‘वसंत’ पुन्हा सापडलं होतं, पण १९६६मध्ये आगीत जळालं. ‘शरद’ आणि ‘शिशिर’ कसे होते ते छापील खोदचित्रांवरून कळतं. स्वतः वातो १७२१मध्ये, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी गेला. हे वाचून माझा जीव हळहळतो.

गॅलरीच्या संकेतस्थळावर मोठ्या आकाराची प्रतिमा मोफत मिळते. ती उघडा आणि शेजारी वातोनंतरच्या पिढीतल्या फ्राँस्वा बूशे या फ्रेंच चित्रकाराचा १७५५चा ‘ग्रीष्म’ ठेवून बघा. तो न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे, राजा पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिच्यासाठी केलेला. त्यात देवी नाही, राशी नाहीत, सुगीचं कामही नाही. पाण्यापाशी आंघोळ करणाऱ्या बायका आहेत. रोकोको या नाजूक, सजावटी फ्रेंच शैलीच्या जेमतेम चाळीस वर्षांत ऋतूचं चित्र कुठून कुठे गेलं, ते या दोन चित्रांत मला सगळ्यात नीट दिसतं. माझं मत विचाराल तर वातोचा ग्रीष्म जास्त खरा: त्यात उन्हाळ्याचं काम आहे.